साळवेकाकांचा लाल टॅग

कॉम्प्युटरवर काही लिहून आलं की ते न वाचता 'ओके' दाबायचं, ही माझी जन्माची सवय. जन्माची म्हणजे घरात कॉम्प्युटर आल्यापासूनची. त्याआधी मी माणसांचं बोलणं पुरतं न ऐकता 'हो हो' म्हणत असे. साळवेकाकांची आणि माझी पहिली खडाजंगी झाली ती यावरूनच.

"बाई, आत्ता ते काय लिवलं हुतं?"

"काही नाही हो, नेहमीचंच असतं ते."

"नेहमीचं म्हंजी काय?"

काकांनी कॉम्प्युटर बंद केला, पुन्हा चालू केला, तीच पाटी पुन्हा येईपर्यंत शांत बसून राहिले आणि आल्यावर पडद्यावर बोट ठेवून एकेक इंग्रजी शब्द जोडत ती वाचू लागले. त्यांचं इंग्रजी कारखान्यातल्या मशीनवरच्या पाट्या वाचून आलेलं. दोन ओळींना पाच मिनिटं लागली. मी घड्याळाकडे बघत होते. वाचून झाल्यावर ते म्हणाले, "त्ये बिचारं सांगतंय त्याला काय झालंय. रोज सांगतंय. आन् तुमी रोज त्याचं त्वांड दाबताय."

योहान साळवे हे मूळचे पुणतांब्याचे. नगरजवळ नागापूरच्या एमआयडीसीत एका कारखान्याच्या प्रेस शॉपमध्ये, म्हणजे जिथे पत्रे ठोकून भाग बनवतात तिथे, त्यांनी सगळी नोकरी मेंटेनन्स फिटर म्हणून काढली. रविवारी चर्चमध्ये ऑर्गन वाजवत. चर्चच्या गायनमंडळाने नाताळची गाणी रेकॉर्ड करायला घेतली तेव्हा कॉम्प्युटर दर दहा मिनिटांनी अडकू लागला आणि बाकी सगळे प्रार्थना करत असताना हे पाठीमागच्या वायरी तपासत बसले. तिथून त्यांना हा नाद लागला.

मी शाळेत संगीत शिकवत असे. नोकरी सोडल्यावर सावेडीतल्या घराच्या मागच्या खोलीत रेकॉर्डिंगचं सामान मांडलं. बालगीतं, मंगलाष्टकं, शाळांच्या प्रार्थना, असं काहीबाही करायचं होतं. रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर नीट चालायचं. छळ होता तो प्लगइन्सचा. प्लगइन म्हणजे त्या सॉफ्टवेअरला बाहेरून जोडायचे छोटे प्रोग्रॅम. एक खरखर काढतो, एक आवाजाला गोलाई देतो, एक तो देवळात घुमल्यासारखा घुमवतो. आज तीनही असायचे, उद्या एक गायब व्हायचा, परवा तिघं मिळून कॉम्प्युटरच बंद पाडायचे. पुण्याहून एक तज्ज्ञ येऊन गेले, ते गेल्यावर चौथ्या दिवशी पहिले पाढे पंचावन्न. तेव्हा ओळखीच्या एका बाईंनी साळवेकाकांचं नाव सांगितलं. मला मनातून राग आला. मला कॉम्प्युटरवाला हवा होता आणि या मला फिटर देत होत्या.

काका जुन्या स्कूटरवरून आले. दारातूनच "सलाम, बाई" म्हणाले. खांद्याच्या कापडी पिशवीतून त्यांनी एक बॅटरी, पिवळं फडकं, शंभर पानी वही आणि बिस्किटांचा पत्र्याचा डबा काढून ओळीने मांडला. डब्यात पेन ड्राइव्ह होते, प्रत्येकाला दोऱ्याने चिठ्ठी बांधलेली. मला वाटलं, आता बसतील आणि सुरू करतील. पण अर्धा तास त्यांनी माउसला हात लावला नाही. फक्त विचारत राहिले. शेवटचं नीट कधी चाललं? त्यानंतर काय केलंत?

"मी काहीच नाही केलं."

"सगळे ह्येच म्हनतात. आमच्या शॉपमधी बी ह्येच म्हनायचे."

मी काहीच केलं नव्हतं म्हणता म्हणता वहीत सात गोष्टींची यादी झाली. मी फुकट मिळतात म्हणून बारा प्लगइन उतरवून घेतले होते, त्यातले दोन एकच काम करणारे होते आणि एक कशासाठी घेतला ते मला आठवतही नव्हतं.

काकांना वरचे सूर ऐकू येत नसत. प्रेसच्या धडाधडीत इतकी वर्षं गेल्यावर कानाचं जे व्हायचं ते झालं होतं. याची त्यांना लाज नव्हती. हेडफोन मला देऊन ते विचारत, "बाई, वर काय चाललंय?" मी म्हणे, "चटचट येतंय." मग ते कॉम्प्युटरला आवाज घ्यायला थोडा जास्त अवकाश देत, आणि पुन्हा विचारत. खालचे सूर मात्र ते स्पीकरच्या लाकडावर तळहात ठेवून ओळखत. ज्याला अर्धं ऐकू येतं असा माणूस माझं रेकॉर्डिंग सुधारतोय, हे मी कोणाला सांगितलं असतं तर हसले असते. पण माझे दोन्ही कान शाबूत असताना जे मला जमलं नाही ते त्यांनी जमवलं, याचं कारण मला पुढे कळलं. ते स्वतःच्या कानावर विसंबत नसत, त्यामुळे प्रत्येक गोष्ट तपासत.

त्यांचे काही शब्द त्यांचेच होते. आवाजावर प्लगइनने केलेली सगळी कारागिरी एकदा मनासारखी झाली की ती पक्की करून साधी आवाजाची फाइल बनवायची, म्हणजे उद्या प्लगइन असो नसो, आवाज वाजतोच. याला ते 'वाळवन घालनं' म्हणत. त्यांच्या घरी रूथकाकू उन्हाळ्यात गच्चीवर कुरडया घालत, त्यावरून हा शब्द आला होता. "प्लगइन पाव्हना हाय, बाई. चार दिस ऱ्हाईल, जाईल. तवर वाळवन घालून ठिवा." मी हो हो म्हणत असे आणि घालत नसे.

आणि टॅग. हाताच्या पंजाएवढा लाल पुठ्ठा, वर भोक, भोकात सुतळी. त्यावर काळ्या अक्षरात: 'काम चालू आहे. हात लावू नये.' खाली त्यांचं नाव. कारखान्यात मशीन दुरुस्तीला घेतलं की त्याच्या खटक्यावर हा टॅग लावायचा, आणि नियम असा की ज्याचं नाव त्यावर असेल त्यानेच तो काढायचा. दुसऱ्या कोणी नाही, मोठ्या साहेबानेही नाही.

एकदा शनिवारी काका टॅग काढायला विसरले आणि पुणतांब्याला गेले. रविवारी कारखान्याने जीप पाठवली. तिथल्या चर्चमध्ये उपासना चालू होती. ड्रायव्हर दाराशी चपला काढून उभा राहिला. काका उठले, जीपमध्ये बसून नगरला आले, टॅग काढून खिशात घातला आणि त्याच जीपने परत गेले.

"एवढ्यासाठी? कापून टाकायचा की कोणीतरी!"

"आन् माझा हात आत असता तर?"

"तुम्ही पुणतांब्यात होता ना!"

"ते मला म्हाईत. टॅगला कुटं म्हाईत?"

"आणि माणूस आलाच नाही तर?"

काकांनी जरा विचार केला. "येतो," म्हणाले. "मानूस येतो."

माझ्या कॉम्प्युटरचं सगळं जुळलं की काका इंटरनेटची केबल काढून बाजूला ठेवत आणि त्या केबलीला टॅग बांधत. चालू कामाच्या मध्ये अपडेट नको, एवढाच त्यांचा आग्रह. नव्याशी त्यांचं वैर नव्हतं. "नवीन चांगलंच असतंय. पन हातातलं काम उरकू द्या आदी."

काका येऊ लागले त्याच वर्षी मिरजगावचे गुरुजी माझ्याकडे आले. जिल्हा परिषदेच्या शाळेत त्यांनी पोरांना पाढे चालीवर गायला शिकवलं होतं. प्रत्येक पाढ्याला वेगळी चाल, सतराच्या पाढ्याला तर पाळण्याची. निवृत्त होऊनही ते रोज सकाळी शाळेत जाऊन पाढे घेत. त्यांच्या घशात गाठ निघाली होती. पुण्यात ऑपरेशन ठरलं होतं आणि डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं की नंतर आवाज असा राहणार नाही. गुरुजींना एक ते तीस सगळे पाढे आणि जमलं तर पावकी, निमकी, दीडकी हे अपूर्णांकांचे पाढे रेकॉर्ड करून शाळेला द्यायचे होते. हातात तीन दिवस होते.

शेजारी पिठाची गिरणी. तिची घरघर काढून टाकणारा प्लगइन नीट चालला नसता तर सगळे पाढे दळणातूनच आल्यासारखे वाटले असते. साळवेकाका आदल्या दिवशी येऊन सगळं लावून, तपासून, टॅग बांधून गेले.

दोन दिवसांत वीस पाढे झाले. गुरुजी दोन पाढ्यांच्या मध्ये कोमट पाणी पीत आणि खुणांनी बोलत, आवाज राखून ठेवत. तिसऱ्या दिवशी सकाळी ते येण्याआधी मला वाटलं, एकोणिसाचा पाढा भावाला पाठवावा, तो त्यांचा विद्यार्थी. पाच मिनिटांचं काम. मी टॅग सोडला, ड्रॉवरमध्ये टाकला आणि केबल लावली. पडद्यावर काहीतरी आलं. मी ओके दाबलं.

गुरुजी आले तेव्हा सॉफ्टवेअर उघडत नव्हतं. अर्धं उघडायचं, प्लगइन्स मोजत बसायचं आणि मिटायचं. मी बंद-चालू केलं. शेवटी एक मोठी पाटी आली, तिच्याखाली ओके होतं, आणि माझं बोट माउसवर गेलंही होतं. गुरुजी मागे उभे होते. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि बारीक आवाजात म्हणाले, "बाई, काय लिहिलंय ते वाचा तरी."

मी काकांना फोन लावला.

"वाचून दावा," काका म्हणाले.

मी वाचलं. आधीचं सगळं पुसून सॉफ्टवेअर नव्याने बसवायचं का, असं ते विचारत होतं. मी पहिल्या दिवशी गडबडीत रेकॉर्डिंगला वेगळी जागा नेमून दिली नव्हती, त्यामुळे वीस पाढे त्या 'सगळ्या'तच होते.

मग काका म्हणाले, "बाई, दोनी हात मांडीवर ठिवा. गुरुजींना म्हनावं, मी येईस्तवर लक्ष ठिवा त्यांच्याकडं."

मी खरंच हात मांडीवर ठेवून बसले. माझ्या आयुष्यातली ती सगळ्यात लांब वीस मिनिटं. समोर गुरुजी गळ्याला मफलर गुंडाळून बसलेले. त्यांच्या तोंडावर राग नव्हता, आणि त्याचंच मला जास्त वाईट वाटत होतं.

काका आले. कॉम्प्युटरकडे न बघता आधी केबलीकडे बघितलं. "टॅग कुटंय?"

मी ड्रॉवरमधून काढून दिला. त्यांनी तो फडक्याने पुसला आणि शर्टाच्या खिशात ठेवला.

आधी त्यांनी रेकॉर्डिंगच्या फाइली शोधून तीन पेन ड्राइव्हवर उतरवून घेतल्या. एक गुरुजींच्या खिशात, एक स्वतःच्या, एक डब्यात. "आवाज हाय," ते म्हणाले, "जाग्यावर हाय." तेव्हा मला रडू आलं. गुरुजींनी मला पाण्याचा पेला दिला, त्यांच्या घशासाठी आणलेला.

मग काकांनी सगळे प्लगइन त्यांच्या फोल्डरमधून बाहेर काढले आणि रिकाम्या फोल्डरवर सॉफ्टवेअर उघडलं. उघडलं! आता एकेक आत सोडायचा, सॉफ्टवेअर बंद करून पुन्हा उघडायचं, तो चालतो का बघायचं, मग पुढचा. गुरुजींनी वही ओढून घेतली.

"हजेरी घेताय तुम्ही. नावं सांगा, मी मांडतो."

काका नाव उच्चारत, गुरुजी लिहीत आणि उघडल्यावर पुढे 'हजर' मांडत. खिडकीतून गिरणीची घरघर येत होती. आठव्या नावाला सॉफ्टवेअर मिटलं. घरघर काढणाराच तो. अपडेटने त्याची नवी आवृत्ती आणून बसवली होती आणि आमच्या सॉफ्टवेअरला ती ओळखता येत नव्हती. "नवा बोल्ट, जुना नट. आटे जुळत न्हाईत," काका म्हणाले आणि बिस्किटांच्या डब्यातून चिठ्ठी बघून एक पेन ड्राइव्ह काढला. त्यात जुनी आवृत्ती होती. त्यांनी बसवलेल्या प्रत्येक गोष्टीची मूळ प्रत त्या डब्यात होती.

"हजर," गुरुजींनी मांडलं आणि खाली रेघ ओढली.

ती बसवून होईपर्यंत गुरुजींचं लक्ष काकांच्या डाव्या हाताकडे गेलं. तर्जनीचं वरचं पेर नव्हतं. मला ते पहिल्या दिवसापासून दिसत होतं, पण विचारलं नव्हतं. गुरुजींनी खुणेनेच विचारलं.

"टॅग हुता," काका म्हणाले. "एक जन घाईत हुता, त्यानं काढला."

माझी मान वर होईना.

"वाईट न्हवता तो," काकांनी पडद्याकडेच बघत सांगितलं. "लई रडला. पुढं त्याच्या पोरीच्या लग्नात म्याच ऑर्गन वाजवला. नऊ बोटांनी बी वाजतोय की." आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "बाई, हेडफोन घाला. वर काय चाललंय सांगा."

ही माफी होती हे मला कळलं, आणि ती मी हेडफोनच्या आत लपून घेतली.

जेवणानंतर गुरुजी उभे राहिले. आवाज बसत चालला होता, तरी एकविसापासून तिसापर्यंत सगळे पाढे म्हटले. एकोणतिसाच्या पाढ्यात एकदा घसा अडला, त्यांनी डोळे मिटले आणि पुन्हा पहिल्यापासून घेतला. तिसाचा संपला तेव्हा चार वाजले होते. पावकी, निमकी, दीडकी राहिली. "परत आल्यावर," ते म्हणाले, पण त्यांचा त्यावर विश्वास नव्हता हे दिसत होतं.

त्या दिवशी मी कोणी न सांगता तीसही पाढ्यांचं वाळवण घातलं. काका शेजारी बसून बघत होते. जाताना त्यांनी केबल काढली, खिशातून टॅग काढून बांधला.

"काम झालं ना, काका?"

"गुरुजींची दीडकी ऱ्हायली न्हवं? काम चालू हाय."

त्यानंतर रूथकाकू गेल्या. काकांच्या पायाला मधुमेहाची जखम झाली, आणि मुलगी त्यांना नाशिकला घेऊन गेली. जाताना टॅग तसाच होता. मी फोनवर म्हटलं, "काका, तुमचा टॅग इथेच राहिला." ते म्हणाले, "ऱ्हायला न्हाई, ठिवलाय." मी दुसरा कॉम्प्युटर घेतला, बाकीची कामं त्यावर करू लागले. जुना टेबलाच्या कोपऱ्यात टॅगसकट उभा. आलेगेले विचारत, मोडीत का काढत नाही? मी म्हणे, यावर साळवेकाकांचं काम चालू आहे. मला घाईची खोड. पण त्या लाल पुठ्ठ्याला मी पुन्हा हात लावला नाही.

या जूनमध्ये फोन आला. आवाज ओळखू आला नाही, इतका खरखरीत आणि खोल. "बाई, मिरजगावहून बोलतोय. पोरं म्हणतात, गुरुजी, दीडकी द्या. या आवाजाची लाज वाटत होती. आता म्हटलं, असू दे."

गुरुजी आले. मी जुना कॉम्प्युटर चालू केला. सॉफ्टवेअर उघडलं, प्लगइन्स मोजू लागलं आणि मी दोन्ही हात मांडीवर ठेवले. सगळे हजर होते. गुरुजींनी नव्या आवाजात पावकी, निमकी, दीडकी म्हटली. खरखर काढणारा प्लगइन मी फक्त गिरणीपुरता वापरला, गुरुजींच्या गळ्याला लावला नाही. पडद्यावर जे जे आलं ते मी बोट ठेवून वाचलं.

संध्याकाळी काकांना फोन केला. "काम झालं, काका. वाळवणही घातलं. टॅग काढू का?"

"कुनाचं नाव हाय त्याच्यावर?"

"तुमचं."

"मग?"

रविवारी अकराच्या सुमाराला रिक्षा दाराशी थांबली. काठी टेकत, एक पाय जपत काका उतरले. पहाटेच्या एसटीने नाशिकहून एकटे आले होते. मुलगी रागावली म्हणाले. "सलाम, बाई." खोलीत येऊन त्यांनी दीडकी ऐकायला मागितली. स्पीकरवर नऊ बोटांचे दोन्ही पंजे ठेवून, डोळे मिटून शेवटपर्यंत ऐकली. मग विचारलं, "वर काय चाललंय?"

"स्वच्छ आहे, काका."

त्यांनी सुतळीची गाठ सावकाश सोडली, टॅग पुसला, खिशात घातला. केबल माझ्या हातात दिली. "लावा आता. आता काय हुयाचं ते हुंद्या." मी जेवायला आग्रह केला, ते भाकरी आणि पिठलं जेवले. चारच्या गाडीला मी त्यांना तारकपूर स्टँडवर सोडलं.

खिडकीची जागा मिळाली होती. मला कितीतरी बोलायचं होतं. तुमच्यामुळे एका माणसाचा आवाज राहिला, तुमच्यामुळे मी वाचायला शिकले, असं सगळं. तोंडातून निघालं ते एवढंच, "एवढ्यासाठी आलात, काका."

"मानूस येतो," काका म्हणाले.

गाडी निघाली. त्यांनी हात हलवला, आणि वळणावर गाडी दिसेनाशी होईपर्यंत त्यांच्या शर्टाच्या खिशातून वर आलेला टॅगचा लाल कोपरा मला दिसत होता.